अण्णांच्या गाडीतली सीट

सीट रिकामी असली की अण्णा चौगुल्यांची गाडी हलायची नाही. ते मूळचे इचलकरंजीचे, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कंपनीत माझ्याहून बारा वर्षांनी सीनियर. सुटी झाली की पार्किंगमधून हाक यायची, "बसा की! सीट ठेवून काय लोणचं घालायचंय?" बसस्टॉपवरच्या जर्मन आजीबाईसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटायच्या नाहीत. दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास! मी जाम वैतागायचो.

दोन हजार पंधरामधला एक रविवार. आम्ही दोघं सीमेपलीकडे चेक हद्दीत स्वस्त पेट्रोल भरायला गेलो होतो. त्या वर्षी युद्धातून पळालेले निर्वासित लोंढ्यानं जर्मनीकडे येत होते. पंपावर त्यांतलीच एक बाई, तिची लहान मुलगी आणि म्हातारे वडील उभे होते. "ड्रेस्डेन?" तिनं विचारलं. अण्णांनी कागदपत्रांचं विचारलं, तिनं नाही म्हणून मान हलवली.

"अण्णा, नको हं," मी म्हणालो.

"अहो, म्हाताऱ्याचे पाय बघा की!"

सुजलेले पाय, त्यात रबरी सपाता. शेवटी त्यांना हाताला धरून मीच मागे बसवलं.

सीमेवर पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. पुढच्या महिन्यात माझी बायको आणि मुलगी भारतातून कायमच्या यायच्या होत्या. मीही अडकलो असतो, तर त्यांचं येणं राहिलं असतं. अण्णा माझ्याकडे बोट दाखवून जर्मनमध्ये म्हणाले, "हे झोपले होते. यांना काही माहीत नाही." मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

खटला एकट्या अण्णांवर झाला. दमडी घेतली नसली तरी एकाहून जास्त माणसं अशी आणणं गुन्हाच, असं अण्णांच्या वकीलबाई म्हणाल्या. "कागद असतील असं वाटलं, एवढंच सांगा." मीही विनवलं.

"जीभ रेटत नाही हो," अण्णा म्हणाले. "मी विचारलं, ती नाही म्हणाली. झालं ते झालं."

कोर्टात त्यांनी तेच सांगितलं. तुरुंग टळला, पण नोकरी गेली आणि राहण्याचा परवाना वाढवून मिळाला नाही.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. वाटेत मागून बायकोनं विचारलं, "अण्णा, त्या दिवशी हे होते का हो तुमच्याबरोबर?"

"होते की. पण गाढ झोपले होते," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन वर्षांनी इचलकरंजीहून अण्णा गेल्याचा फोन आला. बायको रडली. डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी झोपला नसतात, तर अडवलं असतंत ना हो त्यांना?"

मी हो म्हणालो.