जोडफोटोतली रिकामी खुर्ची

फरझानाच्या पुढ्यात सूप होतं आणि सुपात जवळा. अर्धा निवडून झाला होता, अर्ध्यात शिंपल्यांचे तुकडे नि कचरा तसाच होता. एवढ्यात तिची मुलगी उमामा मोबाईल नाचवत आली.

"अम्मी, तुझं नाव आलं! मुंबईच्या बाई तुझे फोटो बघणार. पूर्ण वीस मिनिटं!"

"वीस मिनिटं?" तिचा नवरा नझीर पुढच्या फोटो स्टुडिओतून ओरडला. "एवढ्यात माझे आठ पासपोर्ट फोटो होतात गो!"

उमामानं आईला न विचारताच कॉलेजातून अर्ज भरला होता. पोर्टफोलिओ रिव्ह्यू म्हणतात त्याला, तिनं समजावलं. आपल्या फोटोंचा गठ्ठा घेऊन जायचं, जाणकार माणूस एकेक बघतो, मनात भरलं तर प्रदर्शनात लावतो. आपण काढतो तसले फोटो आता कला म्हणून लावतात, अम्मी.

रोह्याच्या बाजारातला तो स्टुडिओ नझीरचा. पाटीवर नाव त्याचं, फोटोमागच्या शिक्क्यातही त्याचंच. पण आसपासच्या गावांतल्या मुसलमान घरांतल्या बायका परक्या पुरुषासमोर बसायला तयार नसत. त्यांचे फोटो मागच्या खोलीत पडदा ओढून फरझाना काढायची. आणि त्यातही तिचा हातखंडा म्हणजे जोडफोटो. नवरा कुवेतला नाहीतर मस्कतला, बायको इथं, पोर त्यानं पाहिलेलंही नसायचं. तिकडून पाकिटात त्याचा फोटो यायचा. फरझाना आधी तो उजेडात धरून बघायची. त्याच्या तोंडावर उजेड डावीकडून असला तर बाईवरही ती दिवा डावीकडूनच पाडायची. बाईशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवायची. "इथं त्यांचा खांदा हाय असं समज गो, हात ठेव," म्हणायची. मग कात्री, खळ, बारीक ब्रश, आणि जोडलेल्याचा पुन्हा फोटो. दोघं शेजारीशेजारी बसल्यासारखी दिसायची. जोड कुठाय ते खुद्द नझीरलाही सापडत नसे.

"खाला, कुणाला दिसणार नाय ना?" प्रत्येक बाई जाताना विचारायची.

"अमानत हाय, तुझी ठेव माझ्यापाशी," फरझाना म्हणायची. तीस वर्षांत तिनं ती कधी मोडली नव्हती.

मुंबईच्या त्या दालनात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक घड्याळ. पोरं पांढरे हातमोजे घालून काळ्या पेट्यांतून आपापले फोटो बाहेर काढत होती. फरझानानं आपले फोटो साडीच्या खोक्यातून आणले होते. बघणारीही बाईच, म्हणून तिचं मन धजावलं होतं. वरती सगळ्यांत सफाईचे जोडफोटो, खाली एका पाकिटात जोडायच्या आधीचे, कसं करतात ते दाखवायला.

समोरच्या बाई मराठीच होत्या, पण मराठी शब्द त्यांना शोधून आणावे लागत. त्यांनी जोडफोटोवरून नख फिरवलं.

"हा जोड एवढा का लपवलात?"

"दिसला तर तो जोड कसला, बाई?"

बाई हसल्या नाहीत. भराभर पुढं गेल्या. मग खालच्या पाकिटापाशी आल्या आणि थांबल्या.

तो शाझियाचा फोटो होता. कासू गावची शाझिया, मांडीवर चाळीस दिवसांचा नावेद. पोराचे पाय शेजारच्या खुर्चीतल्या उशीवर टेकवलेले. त्या उशीच्या जागी पुढं बापाची मांडी आली होती. फरझानाच्या हातून झालेला सगळ्यांत सरस जोड तो. पण हा त्याच्या आधीचा, वाया गेलेला. दिवा लागला त्या क्षणी शाझियानं कॅमेऱ्याकडे न बघता खुर्चीकडे बघितलं होतं.

"बाकीचं बाजूला ठेवा," बाई म्हणाल्या. "हे तुमचं काम."

"ते फुकट गेलेलं हाय. तिनं समोर बघितलंच नाय."

"म्हणूनच." बाईंनी मोबाईल उचलला. "याचा एक फोटो घेऊ?"

फरझानानं आयुष्यभर लोकांना सरळ बसा, मान वर करा म्हणून सांगितलं. तिच्या कामाकडे असं श्वास रोखून कुणी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला गोड वाटलं. "घ्या," ती म्हणाली. तेवढ्यात घड्याळ वाजलं.

आठ दिवसांनी तो फोटो त्या लोकांच्या इंटरनेटवरच्या पानावर आला. प्रदर्शनासाठी निवडलेला पहिला फोटो, असं वर लिहिलेलं. नझीरनं उमामाच्या हातातून मोबाईल ओढून घेतला.

"घ्या! तीस वर्षं धंदा आमचा, नि नाव झालं खुर्चीचं."

खाली फरझानाचं नाव होतं. स्वतःचं नाव फोटोखाली तिनं पहिल्यांदाच बघितलं. तीनदा वाचलं, आणि मग तिची नजर वर शाझियावर गेली.

"काढायला सांग त्यांना," ती म्हणाली.

"अम्मी, चेहरा अर्धाच दिसतोय. कोण ओळखणार?"

"ज्याच्या घरी जोडफोटो भिंतीवर हाय तो."

उमामानं लिहिलं. उत्तर आलं, इतकं हळवं काम लपवू नका, लोकांना फार भावतंय. पुढं जोडलेल्या हातांचं चित्र.

दोन दिवसांनी नावेदच आला. आता बावीस वर्षांचा, धाटावच्या कंपनीत कामाला. दुसऱ्या शिफ्टला निघालेला, अंगावर युनिफॉर्म. फरझानाची जोहरची, दुपारची नमाज नुकतीच झाली होती. त्यानं मोबाईल तिच्यापुढं ठेवला.

"खाला, ही अम्मी. हा मी." त्याचं बोट तान्ह्याच्या पायांवर आलं. "घरच्या फोटोत माझे पाय अब्बांच्या मांडीवर हायेत. इथं उशीवर."

फरझानाला माहीत होतं शाझियानं पोराला काय सांगितलं होतं ते. तू झालास तेव्हा अब्बा दोन दिवसांसाठी आले होते, तुला मांडीवर घेऊन फोटो काढला. त्यानंतर दोन वर्षांनी तो माणूस कुवेतला बांधकामाच्या सायटीवरून पडून गेला. दफनही तिकडंच झालं. बाप म्हणून नावेदपाशी तेवढी मांडीच होती.

"अब्बा मधेच उठून बाहेर गेलते का?" त्यानं विचारलं.

पोरानंच खोटं तयार करून तिच्या हातात दिलं होतं. तिनं नुसतं व्हय म्हणायचं होतं. पण नमाजेचा मुसल्ला अजून घडी करायचाच होता.

"ते आलेच नव्हते रे बाळा."

नावेदनं मोबाईल खिशात घातला. काउंटरवरच्या काचेखाली लावलेले फोटो त्यानं एकेक करून बघितले.

"छान जोडलं होतंत, खाला," तो म्हणाला. "बावीस वर्षं कळलं नाय."

त्यानं शिवी दिली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

"अम्मीला नको विचारूस," ती कशीबशी म्हणाली.

"विचारणार. शिफ्ट सुटली की घरी जाऊन पहिलं तेच." आणि तो गेला.

नझीर आतून सगळं ऐकत होता. या वेळी त्याला थट्टा सुचली नाही. "बस, पाणी पी," एवढंच म्हणाला.

फरझाना बसली नाही. शाझियाचं नंबर टाकलेलं पाकीट तिनं कपाटातून काढलं, निगेटिव्हची पट्टी आहे ना ते बघितलं आणि बुरखा चढवला. नावेद घरी पोचायच्या आत तिला गाडी धरून कासूला जायचं होतं, शाझियाला आपल्या तोंडानं सगळं सांगून तिची अमानत तिला परत द्यायला.