छत्तीस टक्के पाणी

आमच्या लॅबचे किस्से म्हणजे बेसिनखालच्या फुटक्या टेस्टट्यूबा यार. कोणी उचलत नाही, साचतच जातात!

प्रयोग साधा. मोरचुदाचे निळे खडे क्रुसिबलच्या वाटीत तापवायचे. पाणी उडतं, पांढरी पावडर उरते. वजन जेवढं घटलं, तेवढं पाणी. जोशी सरांचं एकच म्हणणं, "लागोपाठ दोनदा सेम वजन येईपर्यंत सोडायचं नाही!"

आमची हुशार शाहीन सोडेचना. पावडर काळी पडली, धुराने सगळा वर्ग खोकत बाहेर. सर म्हणाले, "अगं, पाणी काढायला सांगितलं होतं. जीव नाही!"

*

लॅब सांभाळायचे पांडेजी. भुताला जाम घाबरायचे. मी गुपचूप पांढऱ्या पावडरवर पाण्याचा थेंब टाकला. चर्रर्र! परत निळी!

"पांडेजी, आत्मा वापस आ गई!"

पांडेजी राम राम करत थेट गेटवर!

*

घरी मात्र माझी फाटायची. एकदा नापास झालेलो ना! नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये केबल लागली आणि बाबांनी त्याच दिवशी ती काढायला लावली. "या प्रॅक्टिकलला उडालास तर शाळा बंद! करोल बागेत गुप्ताजींच्या दुकानात बसून गाड्यांचे हॉर्न विक!"

"मारुतीचे का ट्रकचे?" एवढंच विचारलं. चप्पल आली.

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी, पांडेजी मागे कपाटं पुसत असताना, मी मोरचुदाच्या बरणीत अर्धा ग्लास पाणी ओतून हलवलं. का? असंच! उद्या हीच बरणी येणार, हे मला काय माहीत?

*

दुसऱ्या दिवशी टेबलावर तीच बरणी. बाकी सगळ्यांना पुस्तकातलं उत्तर पाठ, छत्तीस टक्के. मी पुस्तक उघडलं असतं तर ना! तापवलं, गार केलं, वजन केलं. तीनदा. जे आलं ते लिहिलं, अठ्ठेचाळीस. कानात हॉर्न वाजायला लागले.

बाहेरून आलेले एक्झामिनर पेपर चाळत म्हणाले, "मैंने सुबह खुद करके देखा है. अड़तालीस आता है. छत्तीस किस-किस ने लिखा?"

सगळे उभे. शाहीनसुद्धा!

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबाश बेटा! पूरी क्लास में एक ही ईमानदार निकला." जोशी सरांचे तर डोळेच भरून आले.

मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "अब बस एक सवाल. इसमें इतना ज़्यादा पानी आया कहाँ से?"

त्यांच्या मागे पांडेजी उभे होते. माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसत.