यमुनाबाईंचं टोपरं

यमुनाबाई बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघायच्याच नाहीत, डोक्याकडे बघायच्या. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मला वाटलं, माझा भांग वाकडा आहे की काय. नंतर कळलं, बाई टोपीचं माप घेत होत्या.

पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आमची भिंतीला भिंत. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत गाड्या अडकून पडायच्या. यमुनाबाईंचे मालक रेल्वेत गार्ड, ते दोन-दोन दिवस घरी येत नसत. काळजीनं हात रिकामे बसेनात म्हणून यमुनाबाईंनी क्रोशाची सुई पुन्हा धरली. पुन्हा म्हणजे वीसेक वर्षांनी. सोडली का होती, तेही त्यांनीच सांगितलं. पहिलटकरीण असताना सातव्या महिन्यातच त्यांनी बाळासाठी टोपरं विणलं. आपल्याकडे बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत, बारशापर्यंत जुन्याच कपड्यांत ठेवतात. यांना हौस आवरली नाही. बाळ मेलेलं जन्मलं, पुढे मूल झालंच नाही.

"सासू म्हनली, तूच गिळलंस लेकराला. सुई ट्रंकात टाकली म्या. पर हाताला सवय ऱ्हातीच की ओ."

क्वार्टरमध्ये कुणाकडे बाळ झालं की त्या टोपरं नेऊन द्यायच्या. बायका गोड बोलून घ्यायच्या, घालायच्या मात्र नाहीत. पौषातल्या थंडीत उघडी डोकी बघूनही यमुनाबाई म्हणायच्या, "गरम व्हत आसंल लेकराला."

माझी लेक सुमन बाळंतपणाला आली तेव्हा मी म्हटलं, "आमच्या नातवंडाला तुमचंच टोपरं."

"आधी लेकरू येऊ द्या, रडू द्या. मग लोकर आनते."

नातवाचं रडणं भिंतीपलीकडून कानानं ऐकलं, तेव्हा कुठे त्यांनी पहिली साखळी घातली. बारशाला मीच ते पिवळं टोपरं बाळाला घातलं. विहीणबाई आल्या, कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं, आणि त्यांनी टोपरं काढून उशाखाली सारलं. म्हणाल्या, "काचतंय लेकराला." यमुनाबाई पाळण्याजवळच उभ्या होत्या. घुगऱ्या पदरात घेतल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दारात. "टोपरं द्या ताई. काचतंय म्हनं, सैल करते."

आमच्याच पायरीवर बसून त्यांनी टोक ओढलं. क्रोशाचं काम बघा, एक टोक सुटलं की सगळं सुटतं. मांडीवर नागमोडी लोकरीचा ढीग झाला.

मी म्हटलं, "विहिणीचं काय मनावर घेता?"

"त्यांचं न्हाई ओ. म्या सुमनकडं बघितलं. टोपरं निघाल्यावर तिच्या जिवात जीव आला."



त्याच थंडीत रुळापलीकडच्या गयाबाईची शेळी व्याली आणि मेली. करडू कुडकुडत होतं. यमुनाबाईंनी त्या उसवलेल्या लोकरीचं टोपरं विणलं, कानांना भोकं ठेवून. बघायला क्वार्टरमधल्या बायका जमल्या, हसल्या.

गयाबाई म्हणाली, "आता शेळ्यांची बी बारशी करता का, बाई?"

यमुनाबाई करडाच्या गळ्याखाली नाडी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बांधू दे गं. हे मेलं तर मला कोनी काई म्हननार न्हाई."

करडू जगलं. टोपरं घालून रुळाच्या कडेनं उड्या मारायचं. यमुनाबाई पुढची थंडी बघायला जगल्या नाहीत, आणि तोवर एकही आई त्यांच्या दारात लोकर घेऊन आली नाही.