दोन नावांचं रक्त

तुमच्या अंगातलं रक्त सध्या कुणाच्या कॉम्प्युटरात आहे, सांगता येईल तुम्हाला?

हसू नका. कधीतरी शाळेत, पंचायतीच्या ओट्यावर नाहीतर दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणी पांढरा कोट घालून आलं असेल आणि 'अभ्यासासाठी' म्हणून सुई टोचून गेलं असेल. तुम्ही बिस्किटाचा पुडा घेऊन घरी आला असाल. त्या बाटलीचं पुढं काय झालं, हे विचारलंत कुणाला?

सोनूबाईनंही विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली तेव्हा तिची लेक दीक्षा तिसऱ्या महिन्यात होती. दीक्षाचा पहिला पोरगा संघर्ष चार वर्षांचा. जमिनीवरून उठताना तो स्वतःच्या मांड्यांवर हात टेकायचा आणि झाडावर चढावं तसा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. पोटातलं दुसरं पोर तसंच निघणार, की धडधाकट? सवाल एवढाच होता. उत्तर होतं, पण अर्धं एका कॉम्प्युटरात आणि अर्धं दुसऱ्यात.

सोनूबाई मूळची मुरगूडची, बौद्धवाड्यातली. माहेरचं नाव बनाबाई. तिला गगनबावड्याच्या बाजूला आत्याच्या घरी दिली. आमच्याकडं ही रीतच आहे. भावाची पोरगी बहिणीच्या घरात, बहिणीची भावाच्या. सोयरीक घरातल्या घरात राहते, मानपानाची भानगड नाही, पोरगी परक्याच्या उंबऱ्यात पडत नाही. आत्याच्या घरात थोरल्या जावेचं नाव आधीच बना होतं. एका चुलीवर दोन बना कशा नांदणार? आत्यानं लग्नाच्या मांडवातच नवीन नाव ठेवलं, सोनू. तेव्हापासून मुरगूडच्या वेशीच्या आत ती बना आणि घाटाकडं सोनू. बाईला त्यात वावगं वाटलं नाही. कोणत्या बाईला वाटतं?

मुरगूडला तिचा धाकटा भाऊ होता, गुंडू. शाळेत जायच्या वयात तो चवड्यांवर चालायला लागला, मग पडायला लागला, मग बसला तो बसलाच. लोक म्हणाले, पोलिओ. तो गेला. चुलत्याच्या घरातही दोन पोरं तशीच बसली, म्हणून ब्याण्णव साली कोल्हापूरहून डॉक्टर देशिंगकर गाडी घेऊन आले. समाजमंदिरात टेबल मांडलं. सोनूबाई तेव्हा माहेरी आली होती. थोरला भाऊ केरबा म्हणाला, "बने, तुझं बी दे. गुंड्यासाठी हाय."

तिनं दिलं. नाव बनाबाई. पोरं दोन, दीक्षा आणि मिलिंद. दोघं ठणठणीत? "व्हय की, बघा की त्यो." मिलिंद खुर्च्यांखालून पळत होता.

पुढं नवऱ्याला मार्केट यार्डात गुळाची हमाली मिळाली आणि बिऱ्हाड कोल्हापुरात आलं. सोनूबाई राजारामपुरीत तौसीफच्या कॉम्प्युटर क्लासात झाडलोटीला लागली. त्या काळात कॉम्प्युटरचा मान देव्हाऱ्यासारखा. चपला बाहेर, पडदे बंद, मशीनवर प्लॅस्टिकचं आवरण. एकदा तौसीफनं सगळ्या मशीन तारेनं एकमेकींना जोडल्या आणि हौसेनं तिला हाक मारली.

"मावशी, या हिकडं. हितं तुमचं नाव लिवतो, तिकडं कोपऱ्यातल्या मशीनवर बघा."

ती कोपऱ्यात गेली. काचेवर नाव उमटलं. सोनूबाई. तिनं झाडू खाली ठेवला.

"म्हंजी एकाच्या कानात सांगितलं की समद्यांस्नी कळतंय?"

"व्हय की! नळावरच्या बायकांगत!"

"गप रं. नळावर निदान आम्ही भांडतो तरी," ती म्हणाली. दोघं हसले. तेवढी एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली: कॉम्प्युटर सगळे एक. एकाला सांगितलं की झालं. तिला कुणी सांगितलं नाही की तौसीफची तार तौसीफच्या भिंतीपाशी संपते.

मिलिंद सातव्या वर्षी चवड्यांवर चालायला लागला. सासरकडचे म्हणाले, तापात दिलेलं इंजेक्शन चुकीच्या शिरेत बसलं. सत्त्याण्णव साली गगनबावड्याच्या भागात पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम शिबिर घ्यायला आल्या. दिराचा निरोप आला, तशी सोनूबाई मिलिंदला पाठीवर घेऊन एस.टी.नं गेली. टेबलाशी एक शिकाऊ डॉक्टरीण बसली होती.

"नाव?"

"सोनूबाई."

"नात्यात लग्न झालंय?"

"आत्याच्या घरात."

"माहेरी कुणाला असा त्रास?"

"त्ये समदं मागंच दिलंय की, कॉम्प्युटरात."

पोरगी हसली. "कोणत्या कॉम्प्युटरात, मावशी?"

"आता कंच्या म्हंजी? कॉम्प्युटरात!"

मागं रांग खोळंबली होती. मिलिंद पाठीवरून घसरत होता. पोरीनं 'माहेरी: नाही' असं लिहिलं आणि बाही वर करायला सांगितलं. तिला वाटलं, बाई काहीतरी बरळते. बाईला वाटलं, ही शिकलेली आहे, मशीनमधून काढून घेईल. गुंडू राहिला मुरगूडला आणि मिलिंद राहिला घाटावर. एकाच रक्ताची दोन पोरं दोन मशीनमध्ये दोन परक्या घरांची झाली.

नव्व्याण्णव साली मिलिंद गेला.

पुढच्याच वर्षी केरबानं आपल्या पोरासाठी, प्रसेनजीतसाठी दीक्षाला मागणी घातली. पोरगा कष्टाळू, निर्व्यसनी, गॅरेजात कामाला. नाही कशापायी म्हणायचं? पण सोनूबाईच्या डोळ्यांपुढून गुंडू आणि मिलिंद हलत नव्हते. देशिंगकरांचं ऑफिस क्लासपासून दोन गल्ल्या पलीकडं होतं. ती गेली. डॉक्टर परदेशात होते. मशीनपाशी त्यांचा मदतनीस बसला होता.

"रिपोर्ट मिळत न्हाई बाई. त्यो संशोधनाचा डेटा हाय."

"मला कागूद नगं. लेक भावाच्या घरात द्यायचीया. वंगाळ काय असंल तर तोंडानं सांगा."

"नाव काय?"

मुरगूडचं रक्त, म्हणून मुरगूडचं नाव. "बनाबाई."

त्यानं बटणं दाबली, वाचलं, जांभई दिली. "तुमच्यात काय न्हाई. असतं तर कळवलं असतं की."

त्यानं फसवलं असंही नाही. त्याच्या काचेवर तेवढंच होतं. सोनूबाई पायऱ्या उतरताना हलकी झाली होती. तिला वाटलं, गुंडू, मिलिंद, सगळं धरून मशीननं हिशेब केला आणि वाट मोकळी केली. बुद्धविहारात लग्न लागलं. केरबानं दीक्षाचं नाव बदललं नाही. म्हणाला, "दीक्षाच ऱ्हाऊदे. शिकलेली पोरगी हाय."

आणि मग संघर्ष. तो पहिल्यांदा स्वतःच्या मांड्यांवर हात टेकून उठला, तेव्हा सोनूबाई मुरगुडातच होती. तिच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली. दीक्षा म्हणाली, "आये, मिलिंदा असाच उठत हुता न्हवं?"

दीक्षाला पुन्हा दिवस गेले ते दोन हजार पाच साली, नको असताना. सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं: पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते, पण तुमच्या घराण्यातला दोष नेमका कुठं आहे ते आधी ठाऊक पाहिजे. दोन-तीन पिढ्यांची माणसं एकत्र ताडून बघितल्याशिवाय ते कळत नाही. आणि पाचवा महिना सरला की कायदा हात लावू देत नाही.

त्याच आठवड्यात तौसीफ म्हणाला, "मावशी, देशिंगकर साहेबांच्या नव्या कॉम्प्युटर रूमचं आज उद्घाटन हाय. केबल मीच टाकलीया. लई मोठ्ठी मशीन हाय, म्हणं. समदा डेटा त्यात."

सोनूबाई झाडू टाकून निघाली. फीत नुकतीच कापली होती, पेढे फिरत होते. दारात चपलांची रास. आयुष्यभर कॉम्प्युटरच्या दारात चप्पल काढलेली बाई त्या दिवशी चपलेसकट आत गेली.

"अहो बाई, चप्पल! मशीनमध्ये धूळ जाते," डॉक्टर म्हणाले.

"माझं रगात आत गेलं तवा चप्पल इचारली न्हाई कुनी."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, नाव विचारलं, स्वतः बटणं दाबली आणि वाचून दाखवलं, "बनाबाई, मुरगूड. भाऊ गुंडू, मयत. मुलं दोन, दोन्ही निरोगी."

"दोन्ही?" सोनूबाई उठली. "मिलिंदा जाऊन सा वरसं झाली! घाटावर दिलंया की त्याचं रगात, पुण्याच्या बाईस्नी. तुमास्नी कळलं न्हाई?"

"आम्हाला कसं कळणार? तो त्यांचा डेटा. हा आमचा."

"त्यांचा? तुमचा?" ती टेबलावर वाकली. "रगात माझं, पोरगं माझं, भाऊ माझा. त्यात तुमचं काय वो? सुई?"

डॉक्टरांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. पलीकडच्या मॅडमनी शोधलं आणि बनाबाई नावाचं कुणी सापडत नाही म्हणाल्या. "सोनूबाई बघा म्हणावं," ती म्हणाली. सापडली. मुलगा मिलिंद, आजारी. माहेरी: नाही.

"त्या दोघी मीच हाय," सोनूबाई म्हणाली. अर्धंच बघून मदतनिसानं म्हटलेल्या 'काय न्हाई'वर दीक्षाचं लग्न झालं होतं.

इथवर आलात तर तुम्हाला वाटेल, आता गाठ सुटली. दोन मशीन, एक तार, काम फत्ते. तार तौसीफच्या क्लासात होती. पुणे आणि कोल्हापूर यांच्यामध्ये होती संशोधनाला परवानगी देणारी समिती. मॅडमचं संशोधन अजून छापून यायचं होतं, त्याआधी माहिती दिली तर श्रेय देशिंगकरांच्या पदरात जायचं. देशिंगकरांनाही तीच धास्ती उलट बाजूनं. दोघांनी एकमेकांना फार सभ्य पत्रं लिहिली. अखेर समितीनं मान्यता दिली, एका अटीवर: ज्यांचं रक्त आहे त्या दोन्ही महिलांच्या लेखी संमत्या जोडाव्यात.

दोन्ही महिलांच्या!

सोनूबाईनं एका कागदावर डावा अंगठा उठवला, दुसऱ्यावर उजवा. "डावी बना, उजवी सोनू. घ्या." पुण्याहून कागद परत आले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, सोबत पुरावा. पुरावा कसला? आत्यानं मांडवात कानात सांगितलेल्या नावाला कोणता शिक्का असतो? प्रसेनजीत गॅरेजातली रोजी बुडवून तहसील, तलाठी, पोलीस पाटील करत फिरला. मुरगूडचा तलाठी म्हणाला, सोनूबाई आमच्याकडं नाही. घाटावरचा म्हणाला, बनाबाई आहे, पण ती तर तुमच्या सासूची थोरली जाऊ.

इकडं दीक्षाचं पोट दिसायला लागलं. एका सकाळी तिनं संघर्षला न्हाऊ घातलं, उचलून भिंतीला टेकवून बसवलं आणि आईला म्हणाली, "आये, दवाखान्यात चल माझ्यासंगं."

"थांब की गं जरा. उत्तर येतंय."

"कुनाचं येतंय? बनाचं का सोनूचं?"

सोनूबाई संघर्षचं ओलं डोकं पुसायला लागली.

"एकाला उचलून माझं कंबारडं मोडलंय. दुसऱ्याला उचलाय मी न्हाई. आन् त्यो न्हाई उठला तर मी त्याला काय सांगू? तुझं उत्तर पुण्यात अडकलंय म्हणून?"

दोघी गेल्या. दीक्षानं मोकळं करून घेतलं आणि त्याच खेपेला मूल बंद व्हायचं ऑपरेशनही. परतताना रिक्षात माय-लेकी दोन टोकांना बसल्या होत्या.

प्रतिज्ञापत्र पोचलं, समितीची सही झाली, दोन्हीकडची माहिती मोठ्या मशीनमध्ये एकत्र आली. दोष सापडायला मग फार वेळ लागला नाही. देशिंगकरांनी घरच्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उजळला होता. "तुमच्यामुळं मोठं काम झालं. आता पुढच्या वेळी बाळाची तपासणी नक्की करता येईल."

दीक्षा खिडकीबाहेर बघत राहिली. प्रसेनजीतनं विचारलं, "डॉक्टर, त्ये गेलेलं... त्ये आजारीच असतं का?"

"तसं सांगता येत नाही. अशा जोडप्यात प्रत्येक खेपेला चारात एक."

"म्हंजी तीन वाटं चांगलंच हुतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

सोनूबाई अजून तौसीफकडंच झाडते. चप्पल आता काढत नाही. तौसीफही काही म्हणत नाही. मुरगूडला गेली की संघर्षला पाठीवर घेते, एके काळी मिलिंदला घ्यायची तसं. शिबिराची गाडी कुठं आली म्हटलं की कामाला सुट्टी टाकून जाते आणि टेबलासमोरच्या रांगेतल्या बायांना एकेक करून विचारते, "माहेरचं नाव सांगितलंस का गं?" चार जणी तिला येडी म्हणतात.

तेव्हा वाचणाऱ्या, उद्या तुझ्या दारात पांढरा कोट आला तर रक्त दे. सोनूबाईनंही कधी नाही म्हटलेलं नाही. पण बाई असशील तर दोन्ही घरची दोन्ही नावं सांग, ती लिहिली का ते बघ. बाप्या असशील तर बायकोचं माहेर सांग. आणि सुई लावणाऱ्याला विचार: हे कुठल्या मशीनमध्ये जाणार, दुसऱ्या मशीनला कधी कळणार, आणि उत्तर माझ्या दारात कोण आणून देणार? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत बाही वर करू नकोस.