पेटी आणि घंगाळ

आमच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लोक मिशनच्या विहिरीपासून सांगतात. मला विचाराल तर तो आमच्याच घरातल्या दोन हट्टी भावांनी घडवला आणि बिघडवलाही त्यांनीच.

वाशीमजवळच्या आमच्या खेड्यातल्या चर्चमध्ये वाद्य नव्हतं. नुसत्या गळ्यानं गायचं. आणि प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर नि द्राक्षारस घेण्याआधी, एकमेकांचे पाय धुवायचे. बायांनी बायांचे, पुरुषांनी पुरुषांचे. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्यापुढे आधी वाकायचं. माझे बाबा आणि धाकटे काका यांची जोडी कायमची.

मग काकांनी उपासनेत पेटी आणली. पोरंसोरं खूश. बाबा म्हणाले, पेटी आत तर मी बाहेर. काका म्हणाले, मग मीच जातो. गेले, अर्धी मंडळी घेऊन, रिसोडला. एकाला झाकावा अन् दुसऱ्याला काढावा!

त्यानंतर दर प्रभुभोजनाला बाबा घंगाळात कोमट पाणी घेऊन बसत. समोरची खुर्ची रिकामी. दुसऱ्या कोणाला पायांना हात लावू देत नसत, आणि पाय धुतल्याशिवाय भाकर तोंडात घालत नसत. रिसोड काय परदेशात आहे, एसटीत बसा की, असं आम्ही सांगून थकलो. 'तो येईन,' एवढंच. आई चिडायची, म्हणायची, शिष्यांचे पाय धुवायला येशूनं काही निरोपाची वाट पाहिली नव्हती. इकडे मंडळी आटत गेली. आता चर्चचं दार रविवारी तासभर उघडतं.

यंदा काका वारले. दफन आमच्याच कब्रस्तानात, म्हणून त्यांना घरी आणलं. काकूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तिकडेही त्यांनी कोणाला पाय धुऊ दिले नाहीत. दादा येईल म्हणत राहिले. मला दोघांचा इतका राग आला की रडूच फुटेना. अंगणात रिसोडची माणसं नुसत्या गळ्यानं गात होती. पेटी कोणी आणलीच नव्हती.

बाबांनी घंगाळ मागवलं. गुडघे टेकून काकांचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि आपल्या दुपट्ट्यानं पुसले. मग शेजारच्या खुर्चीत बसून स्वतःच्या चपला काढल्या. रीतच ती; एकाचं झालं की दुसऱ्याचं.

"तुहे झाले, लहान्या," ते म्हणाले. "आता माहे कोन धुईन?"

बाया-पुरुषांची रीत गेली चुलीत, असं म्हणून मी खाली बसले, पाण्यात हात घातला. त्यांनी पाय मागे घेतले.

"राहू दे माय. माही जोडी गेली."