लाखनी स्टँडवरचा खलनायक

पात्र म्हणजे माणूस नव्हे, हे मी त्याच सकाळी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहून आलो होतो. दुपारी लाखनीच्या स्टँडवर एका म्हातारीने माझ्या शेजारच्या माणसाच्या फाडकन थोबाडीत मारली आणि मी दचकून उभाच राहिलो.

त्याला मी ओळखलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत आमच्या गावी नाटक झालं, त्यात आईला घराबाहेर हाकलणारा मुलगा हाच. डोळ्यांच्या कडांना रात्रीच्या प्रयोगाचं काजळ अजून होतं.

“तूच ना रे तो! मायले हाकलतेस? मोटारसायकलवर बसवून आनलं, थांब म्हनलं, आन् इथंच सोडून गेलास!”

त्याने गालाला हातही लावला नाही. वाकून तिच्या पाया पडला. “चुकलं माय.”

ती पुटपुटत बाकड्यावरच्या आपल्या गाठोड्यापाशी जाऊन बसली.

मीच चिडलो. “काहून ऐकून घेतलं जी? ते नाटक होतं, हे सांगायचं ना तिला!”

तो तिच्याकडेच पाहत होता.

“भाऊ, आमच्या नाटकात मोटारसायकल नाही जी.”