नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या मंडळीत चहाड्या करणं पाप आहे. लहान मुलांच्या रविवारच्या शाळेतसुद्धा ते शिकवतात. त्यामुळे आम्ही बायका चहाड्या करत नाही, आम्ही प्रार्थना करतो. डोक्यावरचा पदर सारखा करायचा, डोळे मिटायचे आणि देवाला ठाऊक असलेलं सगळं देवाच्या निमित्ताने बाकीच्यांना सांगायचं. कोणाचा जावई रुसून बसलाय, कोणाच्या घरात दोन चुली झाल्यात, हे जळगावात मला कधी कोणाला विचारावं लागलं नाही. शुक्रवारच्या भगिनी सभेला गेलं की झालं.

ही सभा दर शुक्रवारी दुपारी चार वाजता एकेकीच्या घरी भरते. दोन गीतं, वचन, विनंत्या, प्रार्थना, मग चहा आणि केळ्याचे वेफर. अकरा वर्षं मी तिची सेक्रेटरी. शेवटची प्रार्थना माझीच, कारण ती लांब असते आणि मी कुठे अडखळत नाही. दीपनगरच्या वसाहतीतल्या सभेलाही मला मुद्दाम बोलावणं यायचं. इतक्या वर्षांत माझे तीनच शुक्रवार चुकले, त्यातला एक ऑपरेशनचा. देवाशी एकनिष्ठ राहणं म्हणजे काय असं कोणी विचारलं असतं, तर मी बेधडक माझी हजेरी सांगितली असती.

मंडळीत एक अक्का आहेत, सगळ्यांत वयस्कर. मूळच्या शिरपूरकडच्या, आता इथे मुलाजवळ राहतात. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसतात. त्यांची धाकटी लेक दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात वारली. आम्ही तिच्यासाठी उपास धरून प्रार्थना केल्या होत्या. ती गेल्यावर आम्ही अक्कांना देवाची योजना समजावून सांगितली आणि पिठलं-भाकरी नेऊन दिली. त्यातली भाकरी तेवढी कामाची होती.

या उन्हाळ्यात मी त्यांची गुडघ्याची औषधं द्यायला गेले. मुलगा आणि सून कामावर गेले होते. अक्कांनी मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक सांगू? पन कोनलेच सांगू नको. पोर गयी तवयपासून माले प्रार्थना करता येस नही. चर्चमा बसस, व्हट हालावस, पन मनमा काहीच येस नही. तू मन्हासाठे प्रार्थना कर."

मी त्यांचा हात धरला आणि कोणालाही सांगणार नाही असा शब्द दिला. त्यांचं दुःख मला खरंच लागलं होतं. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून ते कोणाला पटणार नाही.

शुक्रवारी अक्का गुडघ्यांमुळे सभेला आल्या नव्हत्या. मी शेवटच्या प्रार्थनेला उभी राहिले. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि देव काही 'कोणी' नव्हे, असा सोयीचा हिशोब मी मनाशी केला. नाव मी घेतलं नाही, तेवढी मी विश्वासू आहे. मी म्हणाले, "हे पित्या, तुझ्या एका वयोवृद्ध लेकीला सांभाळ. तिचं नाव मी घेत नाही. ती शिरपूरकडून आमच्यात आली आहे. तिसऱ्या बाकावर बसून तिचे ओठ हलतात, पण लेकीच्या दुःखाने तिची प्रार्थना आटली आहे." भोवताली "होय प्रभू, होय प्रभू" सुरू झालं. त्याने मला आणखी जोर चढला. हे ओझं तिच्या सुनेलाही माहीत नाही, असंही मी देवाच्या कानावर घातलं. त्या दिवशीचं आमेन फार मोठं झालं.

वेफर संपायच्या आत प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विनंती गेली होती, खाली सात-आठ जोडलेले हात. रविवारी पाळकसाहेबांनी नुसत्या ओठांच्या भक्तीवर उपदेश केला आणि करताना चार वेळा भिंतीकडे पाहिलं. मी मोजलं. उपासनेनंतर असोद्याहून येणाऱ्या एका बाईंनी अक्कांना डब्यातून भरीत दिलं आणि तिथेच त्यांच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थनाही केली. सून तर पुढे गेली. जेवणाआधी ती अक्कांना मोठ्याने प्रार्थना करायला लावू लागली, म्हणजे येते की नाही ते समोरासमोर कळेल. हे तिनेच मला कौतुकाने सांगितलं.

पुढच्या रविवारी अक्कांची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. बायका म्हणाल्या, बघा, मन किती कठीण झालंय. मीही मान हलवली, पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही. ज्या बाईच्या मनात काही येत नव्हतं तरी ती दोन वर्षं न चुकता येऊन बसत होती, तिला मी तिथून उठवलं होतं. माझी मलाच लाज वाटली. ती आता परत आलीच नाही तर हे मी कुठे फेडणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. अक्का सुपात डाळ निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, मी नाव नव्हतं घेतलं हो." इतक्या दिवसांनी माझ्या तोंडून पहिलं हे निघालं!

अक्कांनी डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला. "मी देवलेबी हाईच सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या. "रोज सांगस. दोन वरीस व्हयनात. त्यानी कोनलेच सांगं नही."

मला रडू फुटलं. हिला प्रार्थना येत नाही म्हणून आम्ही गावभर प्रार्थना करत होतो, आणि ही रोज त्याच्याशी बोलत होती. मी त्यांच्यापाशी खाली बसले आणि माफी मागितली, या खेपेला सबब न सांगता. त्या पुन्हा डाळ निवडू लागल्या. ते मला सोसेना, तेव्हा मी सवयीने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "अक्का, आपण प्रार्थना करू या."

"कर," त्या म्हणाल्या. "मनमा कर."

मी डोळे मिटले. हे पित्या, म्हटलं. पुढे काही येईना. अकरा वर्षं जी वाक्यं एकापाठोपाठ एक येत होती, ती ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर एकही आलं नाही. शेवटी मी डोळे उघडले. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"जमनं नही ना?" त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. मन्हंबी असंच व्हस. बस जराशी."